उत्सुकता आपली, गल्ला त्यांचा

२६ मार्च २०२५ रोजी सुपरहिरोंचे चित्रपट काढणाऱ्या अमेरिकेच्या मार्व्हल स्टुडिओने इंटरनेटवर एक थेट प्रक्षेपण केलं. पाच तासांहून जास्त वेळ त्यात खुर्च्या दिसत होत्या. चित्रीकरणाच्या जागी असतात तशा कापडी पाठीच्या, प्रत्येकीच्या पाठीवर एका नटाचं नाव. थोड्या थोड्या वेळाने कॅमेरा सरकायचा आणि पुढचं नाव दिसायचं. 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे'मध्ये कोण कोण आहे, एवढंच त्यातून कळणार होतं. चित्रपट तेव्हा १ मे २०२६ ला येणार होता, मग तारीख पुढे ढकलून १८ डिसेंबर २०२६ झाली. म्हणजे वाट पाहण्यात साडेसात महिन्यांची भर पडली आणि चाहत्यांनी ती आनंदाने सोसली. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार, कुठेही जा, कॉलेजातल्या पोरांच्या स्टेटसवर उरलेले दिवस मोजले जातात आणि त्यावरून घरोघरी वाद होतात. वडीलधारे, शिक्षक आणि 'चांगला सिनेमा' पाहणारी मंडळी म्हणतात की परदेशी कंपनीने आमची पोरं नादी लावली, पाच तास खुर्च्या बघत बसतात. पोरं म्हणतात, आमचा वेळ, आमचा पैसा, तुम्हाला काय करायचंय?

हा वाद दोन्हीकडून चुकीचा चाललाय. पहिल्या बाजूला वाटतं की उत्सुकता कंपनी तयार करते आणि पोरं ती गिळतात. दुसऱ्या बाजूला वाटतं की ती निव्वळ प्रेमातून उगवते, व्यवहाराचा तिच्याशी संबंध नाही. माझं मत असं की वाट पाहणं हा सिनेमाचा खरा आणि हक्काचा आनंद आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ही उत्सुकता मोठ्या प्रमाणात प्रेक्षकच तयार करतो, कंपनी ती विकते, आणि जो माल आपण तयार करतो त्याच्या अटी आपण घालायला हव्यात. जाहिरात उघडपणे जाहिरात म्हणून समोर आली तर तिच्याशी भांडण नाही. ती चाहत्याचा मुखवटा घालून आली तर मात्र भांडायलाच हवं.

'हे सगळं अमेरिकी खूळ, आपल्याकडे असं नव्हतं' हा आक्षेप आधी निकालात काढू. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, पण त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरात शहरातल्या बड्या मंडळींसाठी आणि वृत्तपत्रवाल्यांसाठी खास खेळ झाला होता. आज ज्याला प्रीव्ह्यू म्हणतात तो हाच. पुढे चित्रपट सुरतेला गेला तेव्हा लोक येईनात, कारण तेवढ्याच पैशांत तासन्‌तास नाटक बघायची त्यांना सवय होती. मग फाळक्यांनी जाहिरात केली : ५७,००० छायाचित्रांचा खेळ, पाऊण इंच रुंद आणि दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली. आता हिशेब करून बघा. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला १६ चित्रं बसतात. ५७,००० भागिले १६ म्हणजे साधारण ३,५६० फूट, आणि मैल ५,२८० फुटांचा. म्हणजे फीत पाऊण मैलसुद्धा भरत नाही. भारतीय सिनेमाच्या जनकाने जाहिरातीत लांबी जवळजवळ तिप्पट करून सांगितली होती. त्यामुळे फाळके लबाड ठरत नाहीत. गाजावाजा आणि त्यातली अतिशयोक्ती सिनेमाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे, एवढं मात्र ठरतं.

खान्देशाला तर हे शिकवायची गरजच नाही. दसऱ्यापासून आखाजीपर्यंत गावोगावच्या जत्रांत तमाशाचे फड फिरतात. खेळाच्या दिवशी दुपारीच भोंगा लावलेली जीप आजूबाजूच्या गावांतून फिरते, वगाचं नाव पुकारलं जातं, आज कोण नाचणार ते सांगितलं जातं, सोंगाड्याची एखादी फेक ऐकवली जाते. हा टीझरच आहे. मात्र एक फरक आहे आणि तो या सगळ्या चर्चेत कुणी मांडत नाही. पुकारलेली नर्तकी रात्री बोर्डावर आली नाही तर लोक थेट मालकाच्या राहुटीवर जायचे. मालक तिथेच सापडायचा आणि त्याला पुढच्या वर्षी त्याच गावाची सुपारी हवी असायची. त्या गाजावाज्याला चेहरा होता, पत्ता होता, परतफेडीची भीती होती. बर्बँक-लॉस एंजेलिसच्या कंपनीची राहुटी चोपड्याच्या प्रेक्षकाने कुठे शोधायची? गाजावाजा तोच राहिला, जाब विचारायची जागा नाहीशी झाली. खरा बदल हा आहे.

आता पोरांना मूर्ख समजणाऱ्यांनी या प्रचाराचं तंत्र जवळून बघावं. २००८ च्या बॅटमन चित्रपटासाठी, 'द डार्क नाइट'साठी, ४२ एंटरटेनमेंट नावाच्या संस्थेने मे २००७ पासून एक खेळ मांडला. आधी एका काल्पनिक नेत्याच्या निवडणूक प्रचाराचं संकेतस्थळ आलं, मग त्याचीच विद्रूप नक्कल असलेलं दुसरं. दुसऱ्यावर आपला ईमेल पत्ता द्यायचा. प्रत्येक पत्त्यामागे वरच्या चित्राचा एक ठिपका गळायचा आणि खालून खलनायक जोकरचा चेहरा दिसू लागायचा. एकट्याने कितीही धडपड केली तरी चेहरा उघडणार नव्हता, हजारो अनोळखी लोकांनी मिळून तो उघडला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या काही शहरांतल्या बेकऱ्यांचे पत्ते दिले गेले. जो आधी पोहोचेल त्याला केक मिळायचा, केकवर साखरेच्या अक्षरांत फोन नंबर लिहिलेला असायचा. तो फिरवला की केकच्या आतून घंटी वाजायची. केक फोडला की पिशवीत गुंडाळलेला मोबाइल आणि चार्जर निघायचा. चित्रपट १८ जुलै २००८ ला आला, म्हणजे खेळ चौदा महिने चालला. यात कंपनीने काय दिलं? काही कोडी, काही फटी. कोडी सोडवणं, उत्तरं एकमेकांना सांगणं, न पोहोचलेल्यांसाठी सगळं लिहून ठेवणं, हे काम लोकांनी केलं आणि फुकट केलं. याला नादी लागणं म्हणत नाहीत. ही मेहनत आहे, आणि तीत निर्मितीचा आनंदही आहे.

या मेहनतीचा पैसा कुठे जातो ते बघितलं की पुढचं सगळं कळतं. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला. त्यानंतर हिंदी चित्रपटांसाठी जी वाटणी रूढ झाली ती अशी : कर वजा जाता उरलेल्या तिकीटविक्रीतून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, त्यापुढे ३०. परदेशी चित्रपटांच्या अटी वेगळ्या ठरतात, पण उतार त्याच दिशेचा असतो. म्हणजे तुमचं पहिल्या शुक्रवारचं तिकीट आणि चौथ्या आठवड्यातलं तिकीट, दोन्ही २०० रुपयांची असली तरी कंपनीच्या लेखी सारखी नाहीत. पहिल्या आठवड्यात चित्रपट चांगला की वाईट याची बोलवा नीट पसरलेली नसते, आणि नेमका तेव्हाच कंपनीचा वाटा सर्वांत मोठा असतो. 'कुणीतरी शेवट सांगून टाकेल' ही भीती म्हणूनच जोपासली जाते. २०१९ च्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'च्या वेळी तर दिग्दर्शकांनीच शेवट फोडू नका म्हणून जाहीर पत्र काढलं. विनंती प्रामाणिक असेलही, परिणाम मात्र एकच झाला : जो तो पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढायला धावला.

विरोधकांच्या काही मुद्द्यांपुढे चाहत्यांनी मान तुकवली पाहिजे. सगळ्यांत वजनदार मुद्दा पडद्यांचा. मुंबई-पुण्यात एका चित्रपटाने दहा पडदे घेतले तरी शेजारी दहा उरतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावातलं एकपडदा थिएटर बहुतेक ठिकाणी बंद पडून तिथे मंगल कार्यालय किंवा गाळे झालेत, जिल्ह्याच्या ठिकाणी मोजके पडदे उरलेत. तिथे मोठा सुपरहिरोपट आला की त्या आठवड्यातला मराठी चित्रपट दुपारी बाराच्या एका खेळावर जातो आणि पुढच्या शुक्रवारी उतरतो. 'प्रेक्षकच नव्हता' असं मग सांगितलं जातं. दुपारी बाराला मजूर, दुकानदार, शिक्षक कुठून येणार? दुसरा मुद्दा अंगावर येणाऱ्या गर्दीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या वेशीवरच्या मालेगावात 'टायगर ३' चालू असताना प्रेक्षकांनी थिएटरच्या आत फटाके फोडले, रॉकेटं डोक्यांवरून गेली. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादला 'पुष्पा २'च्या खास खेळाच्या चेंगराचेंगरीत एका बाईचा जीव गेला. बंद सभागृह, अरुंद दारं आणि अंधार असताना फटाका फोडणं म्हणजे प्रेम नव्हे, तो गुन्हाच आहे. यावर चाहत्यांनी 'पण' लावूच नये.

पण या मुद्द्यांवरून 'म्हणून उत्सुकताच वाईट' इथपर्यंत उडी कशी मारता येते? पडद्यांचा प्रश्न वितरकाच्या अटींचा आहे. अमुक इतके खेळ दिले नाहीत तर चित्रपटच मिळणार नाही, अशी अट घातली की लहान शहरातल्या थिएटरवाल्याच्या हातात काही राहत नाही. पोरांनी स्टेटस ठेवणं बंद केलं तरी ती अट सुटत नाही. गर्दीचा प्रश्न दारं, पोलीस, तिकिटापेक्षा जास्त सोडलेली माणसं यांचा आहे. जत्रेत चेंगराचेंगरी झाली तर आपण जत्रा वाईट म्हणत नाही, बंदोबस्त कुठे होता हे विचारतो.

खरा आक्षेप फसवणुकीचा, आणि तिथे चाहत्यांची बाजू सर्वांत दुबळी आहे, कारण फसवलं जातंय हे मान्य करायला कुणालाच आवडत नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात. पहिली म्हणजे गोष्ट लपवण्यासाठी केलेली फसवणूक. 'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वाकांडा या काल्पनिक देशातल्या लढाईत हल्क हा सुपरहिरो धावताना दिसतो, चित्रपटात ते दृश्य नाहीच. 'स्पायडरमॅन : नो वे होम'च्या ट्रेलरमधून दोन स्पायडरमॅन पुसून टाकले होते, इतके घाईने की एका आवृत्तीत खलनायकाला कुणीच मारत नसताना त्याची मान झटका खाते. चाहत्यांनी हे पकडलं आणि त्याची मजा घेतली. यात कुणाचं नुकसान झालं? जादूगाराने रुमाल कुठे लपवला हे न सांगणं हा खेळाचाच भाग असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पैसे कोण देतंय हे लपवणं. ती खेळाचा भाग नाही.

हॅशटॅग विकत घेता येतो. एजन्सी तयार वाक्यांची यादी आणि ठरलेली वेळ पाठवते, शेकडो लहान खाती त्या तासात तीच वाक्यं टाकतात, आणि विषय वर चढला की खरे चाहते त्यावर येतात. ओळखायची खूण सोपी आहे : वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर तेच वाक्य, तीच शुद्धलेखनाची चूक, दहा मिनिटांच्या आत. खात्याचं मागचं पान उघडलं की काल तेलाची जाहिरात, परवा मोबाइलची. 'लीक' झालेल्या व्हिडिओचंही तसंच. खरा लीक बहुतेक वेळा मोबाइलने पडद्यावरून टिपलेला असतो, तिरका, आवाज फाटलेला, आणि तासाभरात कंपनी तो काढायला लावते. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ आणि दोन दिवस झाले तरी कुणी हात लावलेला नाही, तर तो लीक कुणी केला असेल याचा विचार करा. '२४ तासांत इतके कोटी व्ह्यूज' हा आकडाही जपून वाचायचा. २०१९ मध्ये एका भारतीय गाण्याने जागतिक विक्रमाचा दावा केला आणि त्यातले बरेच व्ह्यूज पैसे देऊन चालवलेल्या जाहिरातींतून आलेले निघाले. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबनेच जाहीर केलं की पहिल्या २४ तासांच्या विक्रमासाठी जाहिरातीतून मिळालेले व्ह्यूज धरणार नाही. पण ट्रेलरचा आकडा कंपनी स्वतः सगळ्या माध्यमांची बेरीज करून सांगते, आणि त्या बेरजेत बोट सरकवताना आपोआप चालू झालेले व्हिडिओ किती, हे सांगायची तिच्यावर सक्ती नाही.

कायदा आहे का? अर्धा आहे. जाहिरात उद्योगाच्या स्वतःच्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे समाजमाध्यमांवर प्रचार करणाऱ्यांसाठी, नियम केले. पैसे, फुकट तिकीट, सहल, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर पोस्टवर ठळक दिसेल अशी सूचना हवी. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम आले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. पण ट्रेलरने दाखवलं आणि चित्रपटात नव्हतं, तर? तो प्रश्न आपल्या शेजारूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. 'फॅन' या २०१६ च्या चित्रपटाच्या प्रचारात जे गाणं गाजलं ते चित्रपटात नव्हतंच. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो निकाल कायम ठेवला. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला : ट्रेलर हे वचन नाही, चर्चा घडवण्यासाठी केलेली जाहिरात आहे, त्यातून करार होत नाही. कायद्याच्या अंगाने निकाल समजण्यासारखा आहे, नाहीतर प्रत्येक कापलेल्या दृश्यावर खटला उभा राहील. पण त्याचा अर्थ काय होतो तेही समजून घ्या. ट्रेलर बघून तिकीट काढलं तर जोखीम सगळी तुमची. राहुटी तर गेलीच होती, आता तक्रारीची खिडकीही जवळपास बंद झाली.

मग चाहत्याच्या हातात काय उरतं? त्याचं मत, आणि ते कमी नाही. 'डेडपूल' या सुपरहिरोपटाचं चाचणीदृश्य जुलै २०१४ मध्ये फुटलं, लोकांनी ते इतकं उचलून धरलं की वर्षानुवर्षं अडकलेल्या चित्रपटाला परवानगी मिळाली. 'सॉनिक' या व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटाच्या २०१९ च्या ट्रेलरमधला नायकाचा चेहरा लोकांना किळसवाणा वाटला. कंपनीने चेहरा नव्याने घडवला आणि चित्रपट नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर नेला. हे झालं कारण लोकांनी चित्रपट येण्याआधी, नेमकी मागणी केली. नुसता गोंगाट मात्र कंपनीलाही फसवतो. २००६ मध्ये विमानातल्या सापांच्या एका चित्रपटावर इंटरनेट वेडं झालं होतं, चाहत्यांच्या सूचनांवरून नवी दृश्यं चित्रित केली गेली, आणि पहिल्या आठवड्याची कमाई साधारणच निघाली. थट्टा करणारे सगळे तिकीट काढतातच असं नाही.

खान्देशातल्या चाहत्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात असं मला वाटतं. एक भाषेची, म्हणजे हे चित्रपट मराठीत मिळण्याची. २००७ मध्ये 'स्पायडरमॅन ३' भोजपुरीत आला होता. २०२३ मध्ये स्पायडरमॅनचाच एक ॲनिमेशनपट दहा भाषांत जाहीर झाला, त्यात मराठीही होती. म्हणजे अडचण तांत्रिक नाही. पन्नास-साठ पोरं एकत्र येऊन थिएटरच्या व्यवस्थापकाला आठवडाभर आधी 'मराठीचा खेळ लावा, एवढी तिकिटं आम्ही घेतो' असं लेखी सांगू शकतात. आठवड्याचे खेळ साधारण सोमवार ते बुधवारदरम्यान ठरतात, शुक्रवारी जाऊन ओरडण्यात अर्थ नसतो. हीच पन्नास पोरं मराठी चित्रपटासाठी संध्याकाळचा खेळ मागू शकतात, आणि तसं केलं तर वडीलधाऱ्यांचा सर्वांत मोठा आक्षेप निम्मा गळून पडेल.

दुसरी मागणी अहिराणी डबिंगवाल्यांची. आपल्याकडची पोरं सुपरहिरोंच्या दृश्यांवर अहिराणी संवाद चढवतात. थॉर कापसाच्या भावावर बोलतो, हल्क भरताच्या पार्टीत भांडतो. हे व्हिडिओ गावागावांत फिरतात, आणि ज्या घरात इंग्रजी चित्रपटाचं नावही पोहोचलं नसतं तिथे ती पात्रं ओळखीची होतात. कंपनीला हा प्रचार फुकट मिळतो. पण एक दिवस कॉपीराइटचा स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचा ठपका, येतो. ९० दिवसांत असे तीन आले की यूट्यूब चॅनेल बंद करू शकतं, मग वर्षांची मेहनत गेली. त्याच वेळी महानगरातल्या नावाजलेल्या इन्फ्लुएन्सरला पहिल्या खेळाचा पास मिळतो. अधिकार कंपनीचा आहे, हे खरं. मग तिने स्पष्ट सांगावं की इतक्या सेकंदांपर्यंत, विनोदासाठी, हे वापरता येईल. ट्रेलर आणि फलकांबरोबर अशी परवानगीची छोटी यादी देणं तिला अवघड नाही. मागितल्याशिवाय मात्र ती देणार नाही. तोवर डबिंगवाल्यांनी ट्रेलरचा मूळ आवाज आणि संगीत पूर्ण काढून टाकावं, दृश्याचे तुकडे लहान ठेवावेत आणि शक्य तिथे स्वतः काढलेली चित्रं वापरावीत. कॉपीराइटचा माल ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेला आवाजही सापडतो.

उत्सुकतेचं पुढे काय करता येतं हे पाहायला लांब जायला नको. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये सुमारे पन्नास हजार रुपयांत 'शोले'ची आपली आवृत्ती बनवली. पुढे त्यांनी सुपरमॅन घेतला, नायक म्हणून यंत्रमागावर काम करणारा शफीक निवडला, आणि त्याला उडवण्यासाठी ट्रकच्या बाजूला हिरवं कापड ताणून बांधलं. फैझा अहमद खान यांच्या माहितीपटामुळे हे जगाने पाहिलं, २०२५ मध्ये रीमा कागतींचा त्यावरचा चित्रपट थिएटरांत लागला. ही माणसंही आधी चाहतेच होती. परदेशी पडद्यावरचा माणूस उडताना बघून त्यांनी 'हे कसं करतात?' असं विचारलं. घरच्यांनी 'कशाला बघतोस' म्हणून तो प्रश्न दाबला असता तर ट्रकला कापड बांधलं गेलं नसतं.

डिसेंबरच्या 'डूम्सडे'साठी व्यवहाराचं सांगायचं तर परीक्षण छापायला समीक्षकांवर घातलेली मनाई कधी उठते ते बघा. प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी उठली तर कंपनीला बऱ्यापैकी विश्वास आहे, शेवटच्या काही तासांपर्यंत ताणली तर थांबून बघायला हरकत नाही. जे कसंही करून पहिल्या दिवशी जाणारच आहेत त्यांनी खुशाल आधी तिकीट काढावं, तो त्यांचा सण आहे. बाकीच्यांनी, विशेषतः चोपडा, शहादा, पारोळा इथून एसटीचं भाडं भरून सहकुटुंब येणाऱ्यांनी, सोमवारपर्यंत थांबावं. पाहून आलेल्या ओळखीच्या दोघांना विचारावं आणि मगच निघावं. त्यांना कुणी पैसे दिलेले नसतात.